विंडोज १० चे अपडेट थांबले. लिनक्सवर जाणं परवडेल का?

गेल्या वर्षभरात ओळखीच्या लोकांनी मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न माझ्या संशोधनाबद्दलचा नाही. तो असा आहे: "लॅपटॉप मस्त चालतोय, पण विंडोज ११ घेत नाही म्हणतो. नवा घेऊ, की लिनक्स टाकू?" विचारणाऱ्यांत अंधेरीला पीजी म्हणून राहणारे विद्यार्थी आहेत, बोरिवलीचे निवृत्त काका-काकू आहेत, आणि घाटकोपरला चार संगणकांचं ऑफिस चालवणारे अकाउंटंटही आहेत. प्रश्न एकच, पण प्रत्येकाचं उत्तर वेगळं निघतं. ते वेगळं का निघतं, यावर अर्थशास्त्रात आणि मानसशास्त्रात बरंच काम झालंय. आज त्याबद्दल. शेवटी तुमचं उत्तर तुम्हालाच काढता येईल अशी पद्धतही देते.

आधी, नेमकं काय झालंय?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. म्हणजे तुमचा संगणक बंद पडणार नाही. उद्याही तो सुरू होईल, फाइली उघडतील, यूट्यूब चालेल. फरक एवढाच की नव्यानं सापडणारी सुरक्षेतली भोकं यापुढे बुजवली जाणार नाहीत. त्यात एक गोम आहे. विंडोज १० आणि ११ यांचा बराचसा कोड सारखा आहे. त्यामुळे ११ साठी एखादी दुरुस्ती आली, की नेमकं काय दुरुस्त केलं हे तपासून हल्लेखोराला १० मधलं उघडं भोक शोधता येतं.

हे उगाच घाबरवणं वाटत असेल तर जून २०१७ आठवा. नॉटपेट्या नावाचा हल्ला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या नेटवर्कमध्ये शिरला. आपल्या खाडीपलीकडे न्हावाशेवा बंदरातलं त्याच समूहाचं टर्मिनलही ठप्प झालं. हा हल्ला पसरायला जे भोक वापरलं गेलं, त्याची दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच आली होती. (एकदा आत शिरल्यावर तो पासवर्ड चोरूनही पसरत होता, त्यामुळे फक्त अपडेट करून सगळे वाचले असते असं नाही.) पण दुरुस्ती उपलब्ध असूनही न घेतलेले संगणक किती महागात पडतात, हे त्या वर्षानं दाखवलं. विंडोज १० वर आता ती दुरुस्ती येणारच नाही.

मग विंडोज ११ का घेत नाही? कारण त्याला ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा यांच्यासोबत टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आणि प्रोसेसरही ठरावीक यादीतला लागतो. इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे २०१६ चा सहाव्या पिढीचा आय ५ कितीही धडधाकट असला तरी यादीबाहेर. पळवाटा आहेत, पण मायक्रोसॉफ्ट त्यांना आधार देत नाही.

एक मुदतवाढ मात्र आहे. घरगुती वापरासाठी सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळवता येतात. त्यासाठी सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सुरू ठेवा, किंवा १,००० रिवॉर्ड पॉइंट द्या, किंवा ३० डॉलर भरा. यानं प्रश्न सुटत नाही, पण घाईत निर्णय घ्यावा लागत नाही.

बदलाची किंमत तीन ठिकाणी लपलेली असते

"लिनक्स फुकट आहे" हे वाक्य खरं आहे आणि तरीही दिशाभूल करणारं आहे. पॉल क्लेम्परर या अर्थतज्ज्ञानं १९८७ साली ग्राहक एक गोष्ट सोडून दुसरीकडे जाताना काय खर्च येतो याची मांडणी केली. त्याला स्विचिंग कॉस्ट म्हणतात. क्लेम्पररनं त्याचे तीन भाग केले: व्यवहाराचा खर्च, शिकण्याचा खर्च, आणि करारातून किंवा मुद्दाम निर्माण केलेला खर्च. बँक बदलण्यापासून गॅस एजन्सी बदलण्यापर्यंत हे सगळीकडे लागू होतं. ऑपरेटिंग सिस्टिमला लावून बघू.

व्यवहाराचा खर्च सगळ्यात सोपा. बॅकअप घेणं, पेनड्राइव्ह तयार करणं, इन्स्टॉल करणं, वायफाय आणि प्रिंटर जुळवणं. एक-दोन रविवारचं काम. यातला बेभरवशाचा भाग म्हणजे प्रिंटर. आपल्याकडे निम्म्या दुकानांत दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० हा कॅप्ट नावाच्या वेगळ्या पद्धतीनं चालतो आणि लिनक्सवर त्याला बोलतं करायला खटपट लागते. एचपीचे बरेचसे प्रिंटर मात्र जोडले की चालतात.

शिकण्याचा खर्च लोक हमखास चुकीचा मोजतात. न्यूवेल आणि रोझेनब्लूम यांनी १९८१ मध्ये सरावाचा नियम मांडला: सराव दुप्पट झाला की कामाला लागणारा वेळ ठरावीक प्रमाणात कमी होतो. समजा दर दुपटीला वेळ २० टक्क्यांनी घटतो. पहिल्यांदा १० मिनिटं लागली तर दुसऱ्या वेळी ८, चौथ्या वेळी ६.४, आठव्या वेळी साधारण ५. म्हणजे सगळ्यात मोठी उडी सुरुवातीच्या काही वेळांतच होते आणि पुढे आलेख सपाट होत जातो. (पुढे २००० साली हीथकोट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की एकेका माणसाचा आलेख वेगळ्या सूत्रात जास्त चांगला बसतो. पण आधी झपाट्यानं आणि मग हळूहळू, हा आकार दोन्हीकडे तोच.) याचा व्यवहारातला अर्थ असा की तिसऱ्या दिवशी "जमत नाही बुवा" म्हणून सोडणं म्हणजे खर्चाचा मोठा भाग भरून माल न घेता परत येणं. किमान तीन आठवडे द्यायची तयारी नसेल तर सुरूच करू नका.

तिसरा खर्च सगळ्यात खोल आहे, आणि मराठीत काम करणाऱ्यांसाठी तो आणखी वेगळा आहे. त्यावर जरा थांबू.

कुलूप फाइलीला आहे

तुमच्याकडे दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या मराठी फाइली असतील: सोसायटीची इतिवृत्तं, क्लासच्या प्रश्नपत्रिका, आजोबांनी टाइप करून घेतलेलं लेखन. त्यातल्या बऱ्याच कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधल्या असतात. अशा फाइलीत खरं तर मराठी साठवलेलंच नसतं. कृतिदेवमध्ये "काम" हा शब्द लिहिलात तर फाइलीत इंग्रजी डी, के आणि ई ही तीन अक्षरं साठवली जातात. फॉन्ट फक्त त्यांच्या जागी क, काना आणि म यांची चित्रं दाखवतो. फॉन्ट गेला की मराठी गेली.

युनिकोडमध्ये तसं नसतं. तिथे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, तो फॉन्ट बदलला तरी तोच राहतो, आणि विंडोज, लिनक्स, मोबाइल सगळीकडे तोच चालतो. गंमत म्हणजे लिनक्सवर भारतीय लिप्या नीट दिसाव्यात यासाठीचं सुरुवातीचं काम आपल्या उपनगरातच झालं. जुहूच्या एनसीएसटी या संस्थेत, जी पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली, इंडिक्स नावाचा प्रकल्प याच कामासाठी होता. आज उबुंटू किंवा मिंट टाकल्यावर मराठी वाचायला वेगळं काही करावं लागत नाही, आणि इन्स्क्रिप्ट कीबोर्डही त्यात असतो.

तुमची फाइल कोणत्या गटातली, हे ओळखायची सोपी चाचणी: त्यातला एक परिच्छेद कॉपी करून जीमेलमध्ये पेस्ट करा. मराठीच दिसली तर युनिकोड. इंग्रजी अक्षरांची भेळ दिसली तर जुना फॉन्ट. भेळ दिसली तर फाइल रूपांतरित करा, आणि हे लिनक्सवर जाणार नसाल तरी करा. कारण हा धोका ऑपरेटिंग सिस्टिमशी जोडलेला नाहीच. रूपांतरानंतर ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. त्या उलटापालटीत चुका राहतात.

बोटांचंही एक कुलूप असतं. टाइपरायटरवर शिकलेल्यांची बोटं रेमिंग्टनच्या मांडणीवर बसलेली असतात. इंग्रजीत क्वर्टी कीबोर्ड केवळ आधी आला म्हणून टिकला, असं पॉल डेव्हिड यांनी १९८५ मध्ये लिहिलं. लिबोविट्झ आणि मार्गोलिस यांनी १९९० मध्ये त्यावर आक्षेप घेतला, की पर्यायी मांडणी खूप सरस होती याला पुरावाच कच्चा आहे. वाद मिटलेला नाही. पण तुमच्यासाठी मुद्दा सरळ आहे: घरात कुणी रेमिंग्टनवर रोज दहा पानं टाइप करत असेल, तर ती मांडणी नव्या यंत्रणेत मिळते का हे आधी बघा.

म्युनिक, केरळ आणि पवई

हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर सोडवणाऱ्यांचे अनुभव बघण्यासारखे आहेत.

जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेसमोर २००३ मध्ये अगदी आपलीच अडचण होती. त्यांचं विंडोज एनटी ४ आधाराबाहेर चाललं होतं. त्यांनी लिनक्स निवडलं, आणि २०१३ पर्यंत १५,००० च्या आसपास संगणक बदलले. २०१७ मध्ये नगरपरिषदेनं पुन्हा विंडोजकडे जायचं ठरवलं. यात राजकारण होतंच, पण वेगवेगळ्या खात्यांचे स्वतंत्र आयटी विभाग, त्यांचे हजारो फॉर्म आणि मॅक्रो, विंडोजवरच चालणारी खास सॉफ्टवेअर हेही होतं. यंत्रणा बदलली तरी तिच्यावर उभी असलेली कामं जुन्याच साच्यातली राहिली होती.

केरळमध्ये उलट झालं. तिथल्या शाळांच्या आयटी ॲट स्कूल प्रकल्पानं, ज्याला आता काइट म्हणतात, लिनक्स स्वीकारताना पाठ्यपुस्तकं, शिक्षकांचं प्रशिक्षण आणि परीक्षा सगळंच त्यावर आणलं. मुलांना शिकायचं होतं तेच मुळी त्या यंत्रणेवर होतं. सोडायला जुनं काही फारसं नव्हतं. ही व्यवस्था आजही चालू आहे.

आपल्या पवईत आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प आहे. त्यातला लॅब मायग्रेशन हा उपक्रम मला या बाबतीत सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत महागडं सॉफ्टवेअर काढून सायलॅबसारखं मुक्त सॉफ्टवेअर आणायचं असेल, तर ते नुसतं इन्स्टॉल करून देत नाहीत. अभ्यासक्रमातला एकेक प्रयोग घेऊन त्याचा कोड नव्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून, चालवून, तपासून घेतला जातो. शिक्षक म्हणतो "माझे दहा प्रयोग यात होतील का?" आणि उत्तर म्हणून चालणारे दहा कोड समोर येतात. तिथलाच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प लिनक्स आणि लिब्रेऑफिस शिकवणारे छोटे धडे देतो, त्यातले बरेच मराठीतही आहेत. शिकण्याचा खर्च कमी करायचा तो हा मार्ग.

जर्मनीतल्याच श्लेस्विग-होल्श्टाइन राज्यानं २०२४ मध्ये ३०,००० संगणकांचा असाच निर्णय घेतला, तेव्हा क्रम बदललेला दिसतो. आधी ऑफिस सॉफ्टवेअर, मग ईमेल, आणि ऑपरेटिंग सिस्टिम त्यानंतर.

या सगळ्यातून निघणारी गोष्ट एकच: आधी कामं हलवा, यंत्रणा सगळ्यात शेवटी. कामं हलली असतील तर यंत्रणा बदलणं ही एका रविवारची गोष्ट आहे. हलली नसतील तर वर्षंही पुरत नाहीत.

तीन घरं, तीन उत्तरं

आता हिशेब करू. पुढची घरं आणि त्यांचे आकडे उदाहरणासाठी आहेत, तुम्ही तुमचे घाला.

पहिलं घर अंधेरीच्या पीएचडी विद्यार्थिनीचं. कामं: पायथन, लॅटेक, झोटेरो, ब्राउझर. सगळं लिनक्सवर चालतं. फक्त ओरिजिन हे आलेखांचं सॉफ्टवेअर विंडोजचं आहे, ते लॅबच्या संगणकावर उघडता येतं. नवा लॅपटॉप ४५,००० चा आणि तो सहा वर्षं टिकेल असं धरलं तर वर्षाला ७,५०० पडतात. जुन्याला ५,००० ची एसएसडी लावून तो तीन वर्षं ओढला, तर २२,५०० मधून ५,००० वजा जाऊन १७,५०० वाचतात. बदलासाठी एकूण २५ तास गेले तर तासाला ७०० रुपये. जेआरएफ महिन्याला ३७,००० असते, त्या हिशेबात हे चांगलंच परवडतं. (पूर्ण ४५,००० वाचले असं म्हणू नका. खरेदी फक्त पुढे ढकलली गेली आहे.)

दुसरं, घाटकोपरचं अकाउंटंटचं ऑफिस. टॅलीप्राइम विंडोजसाठीच आहे. एक्सेलमध्ये मॅक्रो आहेत. डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनचा ड्रायव्हर लिनक्ससाठी मिळतो का, हे प्रत्येक टोकनचं वेगळं. चार संगणकांचे १७,५०० प्रमाणे ७०,००० कागदावर वाचतात. पण रिटर्न भरायच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस काम अडलं तर पक्षकाराचा विश्वास जातो, आणि तो कुठल्या रकान्यात लिहिणार? इथे उत्तर नवीन संगणक.

तिसरं, बोरिवलीचे निवृत्त काका-काकू. ब्राउझर, नेट बँकिंग, व्हिडिओ कॉल, थोडी छपाई. कामाच्या दृष्टीनं लिनक्स अगदी बरोबर. प्रश्न दोनच: प्रिंटर कोणता, आणि अडलं तर धावून येणार कोण? अर्थशास्त्रात याला नेटवर्क इफेक्ट म्हणतात. एखादी गोष्ट जितके जास्त लोक वापरतात तितकी ती वापरणाऱ्याला जास्त उपयोगी पडते. विंडोज बिघडलं तर बिल्डिंगमधला कुणीही मुलगा बघतो. लिनक्स बघणारा एक तरी माणूस फोनच्या अंतरावर असेल तरच हा बदल करा.

मनाचा तराजू

हिशेब करूनही आपण बहुतेक वेळा आहे तिथेच राहतो. सॅम्युएलसन आणि झेकहाउझर यांनी १९८८ मध्ये प्रयोगांतून दाखवलं की तोच पर्याय "सध्याचा" म्हणून समोर ठेवला तर लोक तो जास्त निवडतात. यावर निक बॉस्ट्रम आणि टोबी ऑर्ड यांनी २००६ मध्ये उलट विचार करून बघायची चाचणी सुचवली. आपल्या प्रश्नाला ती अशी लावता येईल: समजा तुमच्या लॅपटॉपवर आज लिनक्सच आहे, सगळी कामं होतायत, आणि कुणी म्हणालं की ४५,००० खर्च करून विंडोज ११ घे. घ्याल? "नाही" म्हणालात तर तुम्हाला अडवणारी गोष्ट बहुधा सवय आहे. "हो, कारण टॅली" म्हणालात तर ते खरं कारण आहे.

उलट बाजूनंही सावध राहा. आवडीनं लिनक्स वापरणारे लोक (त्यात मीही आले) स्वतःचे शिकण्याचे तास खर्चात धरत नाहीत, कारण त्यांना त्यात मजा येते. तुमच्या आईला येईलच असं नाही.

तुमचं उत्तर काढायची पद्धत

१. एक आठवडा डायरी ठेवा. संगणकावर जे जे उघडाल त्याचं नाव आणि किती वेळ. महिन्यातून एकदा लागणाऱ्या गोष्टी वेगळ्या लिहा. अडचण तिथेच येते.

२. प्रत्येक नावापुढे तीनपैकी एक खूण करा: तसंच चालतं (क्रोम, व्हीएलसी), पर्याय आहे (एमएस ऑफिसला लिब्रेऑफिस), पर्याय नाही (टॅलीप्राइम, ऑटोकॅड). तिसऱ्या खुणेचं एकही रोजचं काम असेल तर इथेच थांबा, नवीन संगणकाचे पैसे साठवायला लागा.

३. "पर्याय आहे" वाली सॉफ्टवेअर आत्ताच, विंडोजवरच वापरायला लागा. लिब्रेऑफिस विंडोजवरही चालतं. तीन आठवडे द्या. जुन्या मराठी फाइलीही याच काळात रूपांतरित करा.

४. मग उबुंटू २४.०४ किंवा त्यावर आधारलेलं मिंट २२ पेनड्राइव्हवर घ्या आणि इन्स्टॉल न करता त्यावरूनच चालवा. दोन्हींना २०२९ पर्यंत अपडेट मिळतात. वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर आणि मराठी टायपिंग या पाच गोष्टी तपासा. पेनड्राइव्हवरून ते थोडं हळू चालेल, त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नका.

५. सगळं जुळलं तरच इन्स्टॉल. त्याआधी बाहेरच्या हार्डडिस्कवर पूर्ण बॅकअप, आणि बिटलॉकर सुरू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. ती नसेल आणि डिस्क लॉक झाली तर तुमचा डेटा कुणीही परत आणू शकत नाही. थिसिसचा शेवटचा महिना, रिटर्न भरायचे दिवस, मुलांची परीक्षा यांच्या आसपास हे करू नका.

लॅबमधल्या उपकरणांना जोडलेल्या जुन्या संगणकांना मात्र यातलं काहीच लावू नका. स्पेक्ट्रोमीटर चालवणारं सॉफ्टवेअर एखाद्या जुन्याच विंडोजवर चालत असेल तर ते तसंच ठेवा. फक्त त्याचं इंटरनेट तोडा, आणि डेटा काढायला वेगळी, दर वेळी तपासलेली पेनड्राइव्ह वापरा.

पहिल्या तीन पायऱ्यांना साधारण महिना लागतो आणि त्यात एक रुपयाही खर्च होत नाही. तोपर्यंत मुदतवाढीचे अपडेट सुरू करून घ्या. उत्तर "नाही" आलं तरी डायरीतून नवा संगणक कसा हवा हे कळलेलं असेल आणि मराठी फाइली सुटलेल्या असतील. फक्त १३ ऑक्टोबर २०२६ नंतर अपडेट नसलेल्या विंडोज १० वरून नेट बँकिंग करू नका, उत्तर काहीही असो.